कोडेप्रधान संगणकीय खेळांतील स्तररचना आणि दडविलेल्या वस्तू : एक विवेचन

प्रस्तावना

संगणक व मोबाईल यांवरील खेळांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा दोन टोकांची असते. पालक आणि शिक्षक यांच्या दृष्टीने हे खेळ म्हणजे अभ्यासाचे शत्रू होत. तर व्यवसायाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांना त्यांत केवळ रोजगाराची संधी दिसते. या दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि खेळ आतून कसा रचलेला असतो, तो खेळणाऱ्याला काय शिकवितो आणि त्याच्याकडून कोणत्या पूर्वज्ञानाची अपेक्षा करतो, हा प्रश्न या चर्चेत बाजूलाच राहतो. नाटकाचा विचार अंक व प्रवेश यांच्या आधारे होतो, कादंबरीचा विचार प्रकरणांच्या आधारे होतो. त्याचप्रमाणे खेळाचा विचार त्याच्या स्तरांच्या आधारे करता येतो.

परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी 'लेव्हल पार झाली', 'कॉइन राहून गेला' अशी भाषा सहज बोलतो. या बोलण्यामागे दोन संकल्पना आहेत. पहिली 'स्तर' आणि दुसरी 'दडविलेली वस्तू', म्हणजे स्तर पूर्ण करण्यास आवश्यक नसलेली, पण शोधणाऱ्यास सापडावी म्हणून मुद्दाम आडबाजूस ठेवलेली वस्तू. प्रस्तुत लेखात या दोन संकल्पनांचे स्वरूप उदाहरणांसह स्पष्ट केले असून दडविलेल्या वस्तूची किल्ली कोणाच्या हाती असते, या प्रश्नाचा विशेष विचार केला आहे.

स्तर : नियम शिकविण्याची पायरी

कोडेप्रधान खेळातील स्तर म्हणजे एक मर्यादित जागा, थोडे नियम आणि एक निश्चित साध्य. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे 'सोकोबान' हा जपानी खेळ. हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो रचला व त्यांच्या 'थिंकिंग रॅबिट' या कंपनीने १९८२ साली तो प्रसिद्ध केला. 'सोकोबान' म्हणजे गोदामाचा रखवालदार. त्याने गोदामातील खोकी ठरलेल्या जागांवर नेऊन लावावयाची असतात. नियम तीनच : खोके ढकलता येते, ओढता येत नाही, एका वेळी एकच खोके ढकलता येते, भिंत ओलांडता येत नाही.

मोंढ्यातील गोदामात पोत्यांच्या थप्प्या लावणाऱ्या हमालास जी अडचण ठाऊक असते, तीच येथे कोड्याचे रूप घेते. कोणते पोते आधी आत न्यावयाचे हे चुकले, तर पुढची वाट बंद होते. सोकोबानमध्ये खोके एकदा कोपऱ्यात गेले की ते कायमचे अडकते, कारण ते ओढून बाहेर काढण्याची सोय नाही. हे सूत्र कोठेही लिहिलेले नसते. आरंभीच्या सोप्या स्तरांवर एखादे खोके कोपऱ्यात अडकते, खेळ पुन्हा सुरू करावा लागतो आणि मगच ते उमगते. पुढील स्तर हे सूत्र गृहीत धरून त्यावर नवी अडचण रचतात. म्हणजे प्रत्येक स्तर हा आधीच्या स्तराने दिलेल्या धड्याची परीक्षा आणि पुढील धड्याची प्रस्तावना असतो.

इतक्या थोड्या नियमांतून केवढी गुंतागुंत निर्माण होते हे गणितानेही दाखविले आहे. जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ साली असे सिद्ध केले की, सोकोबानचा कोणताही स्तर सुटू शकतो की नाही हे ठरविण्याचा सर्वसाधारण प्रश्न संगणकशास्त्रातील अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या गटात मोडतो. तात्पर्य, स्तराची काठिण्यपातळी नियमांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या मांडणीवर अवलंबून असते. चांगल्या स्तररचनेची कसोटीही येथेच मिळते : स्तर अवघड असावा, परंतु तो सोडविण्यास लागणारे सर्व ज्ञान खेळानेच आधी दिलेले असावे. या अर्थाने स्तर सर्वांशी सारखाच वागतो. खेळणारा तोक्योचा असो वा सेलूचा, कोपऱ्यातले खोके दोघांनाही सारखेच अडवते.

दडविलेली वस्तू : उगम

दडविलेल्या वस्तूचा इतिहास मात्र निराळा आहे. त्याचा एक महत्त्वाचा टप्पा एका रचनाकाराच्या नाराजीतून आला. अटारी या अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या वॉरन रॉबिनेट यांनी 'अॅडव्हेंचर' हा खेळ तयार केला. त्या काळी ही कंपनी खेळ रचणाऱ्यांची नावे प्रसिद्ध करीत नसे. तेव्हा रॉबिनेट यांनी कोणासही न सांगता खेळात एक गुप्त खोली ठेवली. तिच्यात जाण्यासाठी पार्श्वभूमीच्याच रंगाचा, म्हणून डोळ्यांस न दिसणारा, एक बारीक ठिपका शोधून तो विशिष्ट ठिकाणी न्यावा लागे. हे साधणाऱ्याला त्या खोलीत हा खेळ कोणी रचला ते वाचावयास मिळे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील एका पंधरा वर्षांच्या मुलास ही खोली सापडली आणि १९८० साली त्याने कंपनीस पत्र लिहून तसे कळविले. तोवर रॉबिनेट यांनी नोकरी सोडली होती. ती खोली काढून टाकण्याऐवजी अशा गुप्त जागा पुढेही ठेवाव्यात असे कंपनीने ठरविले. ईस्टरच्या सणात मुलांनी शोधून काढावीत म्हणून रंगीत अंडी लपविण्याची प्रथा ख्रिस्ती समाजात आहे. तिच्यावरून या प्रकारास 'ईस्टर एग' हे नाव रूढ झाले.

आपले नाव कृतीतच गुंफून ठेवण्याची रीत मराठी वाचकास अपरिचित नाही. गंगाखेडच्या संत जनाबाईंची नाममुद्रा त्यांच्या अभंगाच्या शेवटी येते आणि रचना कोणाची हे त्यावरून कळते. फरक इतकाच की, अभंगातील मुद्रा प्रत्येक ऐकणाऱ्यास मिळते, तर रॉबिनेट यांची मुद्रा फक्त शोधणाऱ्यास मिळत असे.

दडविण्याच्या तीन रीती

वस्तू दडविण्याच्या रीतींचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

(१) जागेत दडविणे : वस्तू भिंतीमागे, पडद्याच्या कडेबाहेर किंवा वाट नाही असे भासणाऱ्या ठिकाणी असते. 'अॅडव्हेंचर'मधील ठिपका याच प्रकारातला. येथे चिकाटी आणि बारीक नजर यांची परीक्षा होते.

(२) नियमात दडविणे : वस्तू समोर दिसते किंवा तिच्या असण्याचा अंदाज येतो, परंतु ती मिळविण्यासाठी खेळाचा नियम अनपेक्षित रीतीने वापरावा लागतो. जोनाथन ब्लो यांचा 'ब्रेड' (२००८) हा खेळ येथे अभ्यासण्याजोगा आहे. यात काळ मागे फिरविता येतो. त्यामुळे चूक झाली तरी पात्राचा जीव जात नाही, केवळ क्षण उलटे जातात. या खेळात चित्रांचे ६० तुकडे गोळा करावयाचे असतात व ते उघडपणे दिसतात. याखेरीज आठ तारे दडविलेले आहेत, त्यांचा उल्लेख मात्र खेळाच्या ओघात येत नाही. त्यांपैकी एका ताऱ्यासाठी अत्यंत मंद गतीने सरकणाऱ्या ढगावर जवळजवळ दोन तास थांबावे लागते. दुसरा एक तारा, संबंधित चित्र आधीच जुळवून टाकले असेल तर, खेळ नव्याने सुरू केल्याशिवाय मिळत नाही. सर्व काही गोळा करण्याच्या हव्यासावरच रचनाकाराने येथे बोट ठेवले आहे, असे म्हणता येईल.

(३) ज्ञानात दडविणे : वस्तूपर्यंत जाण्याची खूण खेळाबाहेरील माहितीवर आधारलेली असते. फिल फिश यांच्या 'फेझ' (२०१२) या खेळात ३२ घन आणि ३२ प्रतिघन असे एकूण ६४ संग्रह आहेत. भिंतींवर एक अनोळखी लिपी कोरलेली आढळते. ती वाचण्याची किल्ली एका खोलीत आहे : तेथे एक कोल्हा आणि एक आळशी कुत्रा दिसतो. इंग्रजीत सर्व सव्वीस अक्षरे ज्यात येतात, ते कोल्हा व कुत्रा यांचे सुप्रसिद्ध वाक्य ज्यास पाठ आहे, त्याने ते समोरच्या अक्षरांशी ताडून पाहिले की लिपी उलगडते.

किल्ली कोणाच्या हाती?

या तिसऱ्या प्रकारापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. पहिल्या दोन प्रकारांत किल्ली खेळातच असते. तिसऱ्यात ती खेळणाऱ्याने घरून आणावी लागते. 'फेझ'मधील कोल्ह्याचे चित्र इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलास लगेच बोलते. जिंतूर किंवा पालम येथील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास ते केवळ कोल्ह्याचे चित्र वाटते. अपवाद एकच : ज्याने तालुक्याच्या गावी टंकलेखनाच्या वर्गात बसून इंग्रजी टायपिंगचा सराव केला आहे, त्याची बोटे हे वाक्य ओळखतात! या विद्यार्थ्याची बुद्धी उणी असते म्हणून तो अडतो असे नव्हे. त्याच्या घरातील ज्ञान त्या खेळाने जमेस धरलेले नसते, हे त्याचे कारण होय.

म्हणूनच स्तर आणि दडविलेली वस्तू यांतील भेद केवळ तांत्रिक नाही. स्तर आपले नियम सर्वांना शिकवितो. ज्ञानात दडविलेली वस्तू मात्र रचनाकार कोणाशी बोलत आहे हे दाखविते. मराठीत हा अनुभव जुनाच आहे. कूटप्रश्न, कोडे, उखाणा, उमाणे हे सर्व प्रकार ऐकणाऱ्याला शेती, स्वयंपाक, नातीगोती आणि पुराणकथा ठाऊक आहेत असे धरूनच रचलेले असतात. चूल, जाते, मोट, पाभर यांवरचे कोडे शहरी मुलास सुटत नाही. ज्याच्या जगातून कोडे येते, त्याला ते लवकर सुटते. आज बहुसंख्य संगणकीय कोड्यांचे जग आपले नाही, एवढाच याचा अर्थ.

महाराष्ट्रातील एक प्रयत्न : 'राजी'

या परिस्थितीत पुण्यात घडलेला एक प्रयत्न लक्षणीय ठरतो. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुणे येथील संस्थेने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ तयार केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. तरीही काम चालू राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत नवोदित स्वतंत्र निर्मात्यांच्या विभागात त्यास नामांकन मिळाले.

राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. हा खेळ मुख्यतः साहस आणि युद्ध यांचा आहे. कोडी हा त्याचा एक भाग होय. मात्र कोड्यांची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वर्तुळाकार चित्राचे विस्कळीत तुकडे फिरवून अखंड आकृती जुळवावयाची असते आणि ती जुळली की बहीणभावाच्या आठवणी उलगडतात. मार्गावरील भिंतींवर देवदेवतांच्या कथा चित्रित केलेल्या आढळतात. राजी त्यांच्यापुढे उभी राहिली की कथा सांगितली जाते. खेळाचे निवेदक साक्षात दुर्गा आणि विष्णू आहेत. शत्रूस हरविण्यासाठी ही भित्तिचित्रे पाहण्याची गरज नसते. जो थांबतो, त्याला कथा मिळते.

येथे किल्लीची दिशा उलटते. ज्याने गावच्या कीर्तनात आणि देवळाच्या भिंतीवर या कथा ऐकल्या व पाहिल्या आहेत, तो परभणीचा विद्यार्थी चित्र पाहताच ओळखतो. परदेशी खेळाडूस मात्र निवेदनाची वाट पाहावी लागते. आणि तरीही कोणी बाहेर राहत नाही, कारण ज्याला ठाऊक नाही त्याला खेळ ते सांगतो. ज्ञानात दडविलेल्या वस्तूची ही अधिक उदार रीत होय. एक उणीव मात्र नोंदवावी लागते : मूळ आवृत्तीतील संवाद इंग्रजीत होते व २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची सोय झाली. कथा जवळची, पण सांगणारी भाषा मराठी नाही, अशी ही स्थिती आहे.

परंपरेतील पूर्वरूपे : मोक्षपट आणि बारव

स्तर आणि आडवाटेवरचा अर्थ या दोन्ही कल्पना आपल्या परंपरेस नवीन नाहीत. पहिले पूर्वरूप म्हणजे मोक्षपट, अर्थात ज्ञानचौपड. महाराष्ट्रात या खेळाचा संबंध परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. उत्तर व पश्चिम भारतात ७२ घरांचे वैष्णव पट आणि ८४ घरांचे जैन पट प्रचारात होते. प्रत्येक घरास गुणाचे, दुर्गुणाचे किंवा लोकाचे नाव असे. दुर्गुणाच्या घरातून साप खाली नेई, सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडमध्ये 'सापशिडी' म्हणून रूढ झाला. काळाच्या ओघात घरांवरील नावे गळाली व केवळ आकडे उरले. म्हणजे खेळ राहिला, पण त्यातील अर्थ गेला. मोक्षपटात चाल फाशांवर वा कवड्यांवर ठरते, बुद्धीवर नव्हे; त्यामुळे त्यास कोडे म्हणता येत नाही. परंतु चढत्या पायऱ्यांचा पट आणि प्रत्येक मुक्कामी वाचावयाचा अर्थ ही त्याची मांडणी आजच्या स्तररचनेस जवळची आहे.

दुसरे पूर्वरूप खेळाचे नसून वास्तूचे आहे आणि ते परभणी जिल्ह्यात प्रत्यक्ष पाहता येते. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे प्राचीन मंदिरांचा समूह व बारव आहे. सेलू तालुक्यातील वालूर येथे पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात अशी आगळी बारव आहे. 'अपराजितपृच्छा' या वास्तुग्रंथाच्या परंपरेत पायविहिरींचे चार प्रकार सांगितले आहेत : एका प्रवेशाची नंदा, दोन प्रवेशांची भद्रा, तीन प्रवेशांची जया आणि चार प्रवेशांची विजया. बारवेतील टप्प्यांवरील मंडपांना 'कूट' म्हणतात. तोच शब्द मराठीत कोड्यासाठीही वापरला जातो, हा योगायोग रंजक आहे.

बारवेत उतरणारा पायऱ्या, मग सपाट टप्पा, पुन्हा पायऱ्या अशा क्रमाने जातो. पाणी हे साध्य. त्यासाठी भिंतीतील देवकोष्ठे पाहण्याची आवश्यकता नसते. घागर घेऊन घाईने जाणाऱ्याला ती दिसतही नाहीत. टप्प्यावर क्षणभर थांबून बाजूस वळून पाहणाऱ्याला मात्र कोनाड्यातील मूर्ती, दगडावरील नक्षी वा रिकाम्या कोष्ठाची खूण दिसते. ज्यांनी हे दगड घडविले, त्या बहुतेक कारागिरांची नावे आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. त्यांच्यासाठी कोणी गुप्त खोली ठेवली नव्हती. अनेक बारवा दीर्घकाळ गाळ व कचरा यांखाली होत्या. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी, वालूरसह, गावकऱ्यांनी श्रमदानाने त्या मोकळ्या केल्या. दडलेली वस्तू शोधण्याचे हे सर्वांत खरे उदाहरण म्हणावे लागेल.

हव्यासाचा धोका

दडविलेल्या वस्तूंचा दुसरा चेहराही दाखविणे आवश्यक आहे. शोधातून मिळणारा आनंद आणि गोळा करण्याची ओढ या दोन भिन्न गोष्टी आहेत. बक्षीस केव्हा मिळेल हे निश्चित नसले की ते मिळविण्याची धडपड अधिक टिकून राहते, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसून आले होते. मोबाईलवरील अनेक खेळांतील 'आत काय आहे हे आधी न सांगता विकली जाणारी पेटी' याच तत्त्वावर चालते. बेल्जियमने २०१८ साली अशा पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या पेट्या जुगारात मोडतात अशी भूमिका घेतली. भारतात २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला. त्यात पैसे लावून खेळावयाचे खेळ निषिद्ध ठरविले असून त्यांहून ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ वेगळे काढले आहेत.

कायदा आपल्या जागी आवश्यक आहेच. पण विद्यार्थ्यास स्वतःलाही ओळखता येईल अशी एक साधी कसोटी सांगता येते. वस्तू सापडल्यावर काही समजले काय? समजले असेल, तर तो शोध होय. केवळ आकडा वाढला असेल आणि पुढचा आकडा खुणावत असेल, तर ती गोळाबेरीज होय. 'राजी'तील भित्तिचित्र पहिल्या प्रकारात मोडते, विकत घेतलेली पेटी दुसऱ्या.

वर्गातील उपयोग

हे विवेचन वर्गात आणण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. आलेखकागदावर आठ बाय आठ चौकोनांचे गोदाम आखून, खोक्यांऐवजी चिंचोके ठेवून सोकोबानचा स्तर रचता येतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो सुटतो हे आधी स्वतः सिद्ध करावे व मग शेजाऱ्यास द्यावा. त्यानंतर मराठी किंवा इतिहास विषयाच्या विद्यार्थ्याने त्याच पटावर एक अनावश्यक पण अर्थपूर्ण वस्तू दडवावी आणि तिची किल्ली आपल्या गावातील माहितीत ठेवावी : देवकोष्ठातील मूर्ती, जात्यावरच्या ओवीचा विषय, पेरणीचे नक्षत्र. अट एकच : ज्याला ती माहिती नाही, त्याला ती मिळण्याची सोयही पटावर असली पाहिजे. दोन विद्याशाखांनी एकत्र बसावे असा हा अभ्यास आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कोडेप्रधान खेळातील स्तर हा नियम शिकविणारा घटक असून तो सर्वांना सारखाच लागू होतो; दडविलेली वस्तू मात्र खेळणाऱ्याचे कुतूहल, त्याचा वेळ आणि त्याने घरून आणलेले ज्ञान या तिन्हींची मागणी करते. यांपैकी तिसऱ्या मागणीत भाषा व संस्कृती यांचा प्रश्न दडलेला आहे. आपल्या विद्यार्थ्यांची पिढी परक्या जगातील कोडी चिकाटीने सोडवीत आहे, ही कमी महत्त्वाची गोष्ट नाही. परंतु ज्यांच्या किल्ल्या त्यांच्याच घरी, गावी आणि भाषेत आहेत अशी कोडीही त्यांना मिळावयास हवीत. ती रचण्याचे काम त्यांच्याखेरीज दुसरे कोणी करील असे दिसत नाही. वालूरची बारव गाळातून वर आली ती गावाने हात लावला तेव्हा. कोड्यांच्या बाबतीतही तेच घडावे लागेल.